गॅरेजातलं इंग्लंड

"इंग्लंडचे रस्ते? अरे फ्रान्सिस, तू नुसते डोळे मिट आणि माझ्या मागनं ये," पद्माकर म्हणाला आणि त्याने आणखी श्रीखंड वाढून घेतलं.

त्याच्या बायकोने, विमलने, श्रीखंडाचं भांडं त्याच्यापुढून ओढून घेतलं. फ्रान्सिसला काचबिंदू झाला होता. बाजूचं सगळं दिसायचं बंद झालं होतं आणि समोरचं पाइपातून बघितल्यासारखं गोल दिसायचं. पुढच्या मे महिन्यापर्यंत एवढं टिकेल, नंतरचं सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाला होता. त्यावर फ्रान्सिस म्हणाला होता, मग मे महिन्यात आपण इंग्लंडला सायकलवर जाऊन येऊ.

ही काही नवी टूम नव्हती. दोघं सिडनीत शिकायला आले तेव्हा पेंडल हिलला एका घरात राहायचे. किचनच्या भिंतीवर आधीच्या भाडेकरूचं एक जुनं कॅलेंडर होतं. तारखा सगळ्या चुकीच्या, पण चित्रं इंग्लंडमधल्या खेड्यांची. दगडी भिंती, मेंढ्या, चर्च, सुनसान रस्ता. पीआर, म्हणजे कायम राहायची परवानगी, मिळाली की या गावांमधनं सायकलवर फिरायचं, असं दोघांनी डाळ शिजेपर्यंत ठरवून टाकलं होतं. मग पीआर मिळाली, नोकऱ्या मिळाल्या, लग्नं झाली, पोरं झाली, आणि पोरं मोठी होऊन इंग्रजीत उलट बोलायला लागली. इंग्लंड राहिलं.

फ्रान्सिस निदान सायकल चालवत राहिला. पद्माकर कॅसल हिलला राहायला गेला आणि त्याने गॅरेजात ट्रेनर बसवला. सायकलचं मागचं चाक काढून टाकलं, सायकल मशीनवर चढवली, समोर मोठा स्क्रीन. पेडल मारलं की स्क्रीनवर इंग्लंडमधल्या कॉट्सवोल्ड्सचा रस्ता पुढे सरकायचा. आठ वर्षं तो रोज मेट्रोने घरी आला की लायक्राचे घट्ट कपडे घालून गॅरेजात जायचा. कोणाचा फोन आला तर विमल सांगायची, "तो इंग्लंडला गेलाय. जेवायला येईल."

"माझी एक अट आहे," विनिफ्रेड म्हणाली. फ्रान्सिसची बायको नर्स होती, आणि धडपडलेल्या माणसांची दया ती फक्त ड्युटीवर करायची. "आधी इथे एक दिवस दोघं चालवून दाखवा. सिडनीबाहेर, मॉस व्हेल ते बंडानून. पद्माकर पुढे, फ्रान्सिस मागे. दोघांतला एक जरी पडला, तरी इंग्लंड कॅन्सल."

"विनी, तो रोज चालवतो," फ्रान्सिस म्हणाला.

"गॅरेजात," विनिफ्रेड म्हणाली.

"डन!" पद्माकर म्हणाला.

पहिली अडचण मागच्या चाकाची आली. ते आठ वर्षांपूर्वी काढून परसात कुंपणाला टेकवून ठेवलेलं. विमलने त्याच्यावर तोंडलीचा वेल चढवला होता. वेल आता एकेका तारेतून फिरून पलीकडच्या शेजाऱ्याकडे गेला होता.

"तोंडली धरायची वेळ आली आणि आता तुला चाक पाहिजे?" विमल म्हणाली.

"विमल, माझ्या मित्राच्या डोळ्यांचा प्रश्न आहे."

"माझ्या भाजीचा नाहीये का?" असं म्हणून तिने कात्री आणली. सायकलच्या दुकानदाराने चाकाला नवा टायर घातला, पण तारांमधली एक हिरवी काडी त्याच्यानेही निघाली नाही.

राइडचा दिवस नेमका दसऱ्याचा निघाला. मॉस व्हेल स्टेशनच्या पार्किंगमध्ये विमलने सायकलला हळदकुंकू लावलं आणि हँडलला झेंडूची माळ घातली. माळ प्लॅस्टिकची, नायलॉनच्या दोऱ्यात ओवलेली, पेंडल हिलच्या दुकानातली. फ्रान्सिसच्या हँडलवर आधीच मेरीमातेचा बिल्ला होता. विमलने त्याच्या शेजारी एक फूल खोवलं.

"माळ काढून ठेवतो, अडकेल," पद्माकर म्हणाला.

"दसऱ्याची माळ दसऱ्यालाच काढतात का? गप बस."

विनिफ्रेडने पद्माकरच्या सीटखाली लाल दिवा लावला. "फ्रान्सिस, तुला एवढा दिवा दिसला की बास. हा जाईल तिकडे जा." मग दोघी गाडीत बसून बंडानूनला पुढे गेल्या.

पहिला सरळ रस्ता पद्माकरने असा मारला की फ्रान्सिस मागून ओरडला, "पद्या, हळू! तुझ्या मांड्या आहेत का पिस्टन!"

मग वळण आलं. पद्माकर रस्ता वळायची वाट बघत राहिला. स्क्रीनवर रस्ता आपला आपण वळायचा. आठ वर्षांत त्याला हँडल वळवावं लागलं नव्हतं, नुसता हात ठेवावा लागला होता. हा रस्ता त्याला न घेताच वळला. तो सरळ गवतात गेला, एका कुंपणापाशी आडवा झाला, आणि आतल्या मेंढ्या त्याला बघायला आल्या.

लाल दिवा आडवा झालेला बघून फ्रान्सिसने ब्रेक मारला. "पडलास?"

"नाही. थांबलो."

"आडवा?"

"विनीला सांगू नकोस."

फ्रान्सिसने हातांनी चाचपून त्याच्या पाठीवरचं गवत झटकलं. मग वळायचं कसं ते सांगितलं. "हँडल पिळू नको. जिकडे जायचंय तिकडे बघ. सायकल जाते." जरा थांबून म्हणाला, "तुला दिसतंय ना. मग बघ."

पुढचं वळण पद्माकरला जमलं. त्याच्या पुढच्या वळणावर एक मॅगपाय आला. इथे दसऱ्याला वसंत असतो, आणि वसंतात या पक्ष्यांची पिल्लं घरट्यात असतात आणि सायकलवाला दिसला की ते डोक्यावर झडप घालतात. याने पद्माकरच्या हेल्मेटवर चोच मारली. पद्माकरने हात हलवला, हात माळेत गेला, माळ सुटून खाली गेली आणि चेनमध्ये शिरली. नायलॉनचा दोरा गिअरमध्ये असा बसला की काढायला दोघांना रस्त्याकडेला बसावं लागलं. पद्माकर बघून सांगायचा, फ्रान्सिस बोटांनी सोडवायचा. पक्षी वरून येत राहिला.

"तुला कसा काय चावत नाही?"

"मी मागे आहे ना. पुढाऱ्याचा मान तुझा."

पद्माकरने झेंडूची फुलं खिशात भरली. विनिफ्रेडला सांगायच्या नसलेल्या गोष्टी आता दोन झाल्या होत्या.

एक्झेटर नावाचं छोटं गाव मागे पडलं आणि रस्ता रिकामा झाला. दोन्ही बाजूंना झुडपांची कुंपणं होती. लांब एक दगडी चर्च होतं.

"काय दिसतंय?" फ्रान्सिसने मागून विचारलं. "मला फक्त तुझा दिवा दिसतोय."

पद्माकरने इकडेतिकडे बघितलं. डावीकडे एका उघड्या पिकअप गाडीला कुत्रा बांधला होता आणि त्याच्या पलीकडे पाण्याची पत्र्याची टाकी होती.

"डावीकडे दगडी भिंत," तो म्हणाला. "शेवाळ आलेली. वर एक मांजर. पुढे पब आहे, गवताच्या छपराचा. बाहेर एक म्हातारा पाइप ओढतोय."

"आणि ओढा?"

"ओढा आहे. बदकं आहेत."

"किती सुंदर," फ्रान्सिस म्हणाला. जरा वेळाने त्याने विचारलं, "इंग्लंडमध्ये निलगिरीचा वास येतो का रे?"

"लावली असेल कोणीतरी."

"असेल, असेल. तू बोलत राहा."

पद्माकर बोलत राहिला. रोज संध्याकाळी बघितलेली सगळी गावं त्याने रस्त्याच्या दोन्ही बाजूंना लावली. चढावर पूल ठेवला. उतारावर शाळा सोडली. फ्रान्सिस मधूनमधून "अस्सं" म्हणायचा. एकदा पद्माकर श्वास घ्यायला थांबला तर म्हणाला, "चर्चची घंटा राहिली."

बंडानूनची पाटी आली. तिथून कॅफेपर्यंत रस्ता सरळ होता.

"पद्या, मी आता डोळे मिटतोय," फ्रान्सिस म्हणाला.

"वेडा आहेस का?"

"तूच म्हणालास ना. तुझ्या आवाजामागे यायला जमतंय का, ते बघतो. मे महिन्यानंतर उपयोगी पडेल. बोल."

पद्माकर बोलला. डावीकडे बेकरी. उजवीकडे पोस्टाची लाल पेटी. सरळ, सरळ, एकदम सरळ. त्याने चोरून मागे बघितलं. फ्रान्सिस खरोखरच डोळे मिटून येत होता आणि हसत होता.

कॅफेबाहेर विमल आणि विनिफ्रेड उभ्या होत्या. विनिफ्रेडने येणाऱ्या दोघांकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. कुठे खरचटलेलं नव्हतं. तिने मान हलवली. म्हणजे हो.

पद्माकरने ती मान बघितली, बोलायचं थांबवलं, दोन्ही हात वर केले आणि कॅफेसमोर सायकल थांबवली. गॅरेजात तो पेडलला अडकवलेले बूट तसेच ठेवायचा आणि नुसते पाय काढून उतरायचा. आनंदाच्या भरात आताही तो तेच करायला गेला, पण आज बूट घट्ट बांधलेले होते. पाय निघाले नाहीत. तो उभ्याउभ्या, अगदी सावकाश, विनिफ्रेडच्या पायाशी आडवा झाला. खिशातली फुलं फुटपाथवर सांडली.

फ्रान्सिस सांगितल्याप्रमाणे डोळे मिटून बरोब्बर त्याच्या मागून आला आणि त्याच्यावर पडला.