रेघेच्या बाहेर

भावाने नकाशावर पुराच्या भिंतीची रेघ ओढली आणि पेन्सिल टेबलावर ठेवली. ताईने त्या रेघेवरून हळूहळू बोट फिरवलं. नदीपासून निघून, दवाखान्याला पोटात घेऊन, शाळेला वळसा घालून ती पुन्हा नदीलाच मिळत होती. त्यांची गल्ली बाहेर राहिली होती.

"काहीतरी चुकलं असेल," ती म्हणाली.

"दोनदा मोजलंय."

परदेशी गेलेल्या गावकऱ्यांना पुराच्या कामात सामील करून घ्यायचं, हे दोन वर्षांपासून नगरपालिकेत ताईचं काम होतं. फोन करून करून तिचा घसा बसला होता. कुणी हळहळलं, कुणी घराचे फोटो मागवले, कुणी लहानपणच्या आठवणींत तासभर घेतला. येतो म्हणून खरोखर आला तो तिचाच धाकटा भाऊ. तिकडे तो पुराच्या भिंतीच बांधायचा.

दहा दिवसांच्या रजेतले आठ दिवस तो गुडघाभर चिखलात उतरून मापं घेत होता. गल्लीने त्याला डोक्यावर घेतलं होतं. आपला माणूस आलाय, आता काळजी मिटली! यंदा तीनदा पाणी घरांत शिरलं होतं. तिसऱ्या खेपेला ताईने गाद्या वाळत घातल्याच नाहीत, तशाच फेकून दिल्या.

टेबलापलीकडे बसलेल्या नगरपालिकेच्या साहेबांनी चष्मा काढून डोळे चोळले. "रेघ जरा खाली, नदीकडे घ्या ना. तुमचंच घर आहे, कोण विचारतंय?"

"घेता येईल," भाऊ म्हणाला. "पण मग नदीला पसरायला जागा उरत नाही. पाणी भिंतीवरून शाळेत शिरेल." ताईकडे न बघता तो पुढे म्हणाला, "गल्लीला टेकडीवर जागा द्या. आधी जागा, मग भिंत. तसं लिहूनच देतोय."

जिना उतरताना त्याने घसा खाकरला. "गल्लीत मी सांगतो."

"तू परवा विमानात बसशील. मला त्यांच्यातच राहायचंय. माझ्या तोंडूनच ऐकू देत."

"रागावलीस?"

"रागवायलासुद्धा त्राण लागतं रे."

गल्लीत सुतारकाका पाण्याने फुगलेल्या दाराला रंधा मारत होते. ताईने सगळं एका दमात सांगून टाकलं. रंधा थांबला.

"पोराने नीट बघितलंय ना?"

"बघितलंय."

"आणि तुमचं घर?"

"बाहेरच. सगळ्यात आधी आमचं."

काकांनी अंगावरच्या ढलप्या झटकून स्टूल पुढे सरकवलं.

"बस. दमलीस."

ती बसली. समोरच्या घराची कडी वाजली. शिंपीणमावशींच्या दारात भाऊ उभा होता, चपला बाहेर काढून, नकाशा काखेत धरून.

"मावशी, जरा बसून बोलायचंय," तो म्हणत होता.

त्याला हाक मारायला ताईने तोंड उघडलं आणि मिटलं. गल्लीत चौदा घरं होती. डावीकडची आपण घ्यायची, उजवीकडची त्याने, असं तिने मनाशी ठरवून टाकलं.