पालथी वाटी

आमच्या आणि शेजारच्या नसीमचाचींच्या परसांमधे छातीएवढ्या उंचीची एकच भिंत आहे. तिच्यावर जर्मनची एक वाटी असते. वाटी दिसली नाही, तर शेटचं खाणं अजून व्हायचंय. वाटी धुऊन पालथी घातलेली दिसली, की खाल्लं. मग मी फ्रिजमधून इन्सुलिनची बाटली काढायची.

शेट म्हणजे आमचा बोका. माझे यजमान मल्लेश यांनी त्याला पेंड-सरकीच्या दुकानात उंदरांसाठी आणला होता. तो उंदीर सोडून पोत्यांवर लोळत राहायचा, म्हणून गिऱ्हाइकांनीच त्याला शेट नाव ठेवलं. भिंतीपलीकडं तो नवाब असतो. जेवायला तिकडं, झोपायला इकडं. कारण आमच्या घरात मटण सोडाच, अंडंसुद्धा उंबऱ्याच्या आत येत नाही. सासूबाईंना मी अव्वा म्हणते. लिंगपूजा झाल्याशिवाय त्या चहासुद्धा घेत नाहीत.

उन्हाळ्यात शेट बादलीतलं पाणी संपवायला लागला आणि खाऊनही वाळत चालला. सोलापूरच्या जनावरांच्या डॉक्टर करिश्मा मॅडमनी त्याचं रक्त तपासलं आणि शुगर निघाली. अव्वांना स्वतःला पंधरा वर्षांपासून शुगर. त्या म्हणाल्या, "माझ्या घरात राहून दुसरा कुठला रोग लागणार व्हता त्याला?"

आधीचं इन्सुलिन दुधासारखं गढूळ होतं. तळहातात बाटली फिरवून मग भरायचं. ते भराभर चढायचं, दुपारपर्यंत उतरायचं, आणि शेट पुन्हा बादलीशी. म्हणून गेल्या आठवड्यात मॅडमनी औषध बदललं. नवं अगदी पाण्यासारखं. सिरिंजही वेगळी, जुन्या लाल टोपणाच्या घरात ठेवूसुद्धा नका म्हणाल्या, चुकून त्यांत नवं भरलं तर डोस दुपटीच्या वर जाईल. आणि शेवटी एक वाक्य दोनदा म्हणाल्या, "हे हळू चढतं आणि लांब टिकतं. पोटात अन्न गेल्याची खात्री झाल्याशिवाय सुई लावायची नाही. एकदा आत गेलं की काढून घेता येत नाही."

काढून घेता येत नाही. माझ्या तान्ह्या बाळीला अंघोळ घालताना, तिच्या मांडीवरची लसीची गाठ दिसली तरी मला ते वाक्य आठवायचं.

त्या गुरुवारी सकाळी मल्लेश लातूरला माल बघायला निघाले. बाळी रात्रभर दातांनी रडलेली, तिला खांद्यावर घेऊनच मी परसात आले. वाटी पालथी होती. अजून ओली होती. शेट तुळशीमागं उन्हात बसलेला. मी बाळीला झोळीत टाकलं, औषध भरलं, मानेवरची कातडी चिमटीत धरून सुई लावली. त्यानं मला बघितलंही नाही. नंतर बाळीचं दूध, अव्वांची भाकरी, लंगोटांची बादली. तो कधी उठून गेला, मला कळलं नाही.

अकराच्या सुमाराला भिंतीपलीकडून नसीमचाचींची हाक आली. रोजचीच हाक, लाडाची. "नवाब, ओ नवाब. आ जा रे, आज देर हो गई."

माझ्या हातातला लंगोट तसाच राहिला. मी भिंतीशी गेले.

"चाची, सकाळी खाल्लं ना त्यानं?"

"कां खाया? घर में कुछ थाच नई. अब लेको आई." त्यांच्या हातात काळी पिशवी होती, चिकनच्या कलेजीची. "क्या हुआ गे?"

"वाटी पालथी होती."

चाचींच्या मागून त्यांची सून तरन्नुम पुढं आली. रात्रीच माहेराहून आलेली. "मीच धुऊन ठेवली ताई, सकाळी. मोरीत कालची पडली होती. वाळायला म्हणून." ती एकदा माझ्याकडं, एकदा सासूकडं बघायला लागली. "का? ठेवायची नव्हती का?"

वाटी धुऊन कुणीही पालथीच घालतं.

मी शेटला हाका मारत सुटले. तुळशीमागं नाही. जिन्याखाली नाही. पेंडीच्या रिकाम्या पोत्यांवर नाही. बाळी झोळीत रडायला लागली आणि मी तिच्याजवळ न जाता पलंगाखाली वाकून बघत होते, हे मला रडणं थांबल्यावर लक्षात आलं. अव्वांनी तिला उचललं होतं.

"काय शोधतीस?"

"शेट. अव्वा, उपाशीपोटी सुई दिली मी त्याला."

अव्वा बाळीला कडेवर घेऊन सरळ न्हाणीघराकडं गेल्या. तिथल्या गार फरशीवर, बादलीमागं, तो आडवा पडला होता. मी उचलायला गेले तर मान पिशवीसारखी लोंबली. डोळे उघडे, पण मी त्यांच्यात नव्हते. मागचा एक पाय आपोआप झटकत होता.

"हलवू नगं," अव्वा म्हणाल्या. "डाउन झालाय. माझी शुगरची मशीन आण."

मी शेटच्या कानाच्या कडेला टोचून थेंब मशीनला लावला. आकडा आलाच नाही. लो, एवढंच आलं. अव्वांच्या उशाला ग्लुकोजचा डबा असतो; मी ओल्या बोटावर ती भुकटी घेतली आणि त्याच्या हिरड्यांना चोळायला लागले. दात बोटाला लागत होते, चावत नव्हते. चावला असता तर बरं वाटलं असतं. दुसऱ्या हातानं मॅडमना फोन लावला. स्पीकर फरशीवर.

"चोळत राहा," मॅडम म्हणाल्या. "घशात ओतू नका, ठसका लागेल. गिळायला लागला की लगेच खायला द्या, त्याच्या आवडीचं. आणि एकदा देऊन भागणार नाही. औषध संध्याकाळपर्यंत आत काम करत राहणार. तासातासाला द्या, नजरेआड होऊ देऊ नका. सावरला नाही तर गाडी करून इकडं निघा."

सोलापूर. उमरग्याहून दीड-दोन तास, आणि घरात गाडी नाही. मी चोळत राहिले. भिंतीपलीकडून चाची विचारत होत्या, "उठ्या क्या? मैं आऊं क्या?" आणि तरन्नुमचा रडका आवाज, "अम्मी, मला कुणी सांगितलंच नव्हतं."

किती वेळ गेला सांगता येत नाही. मग त्याची जीभ हलली. माझ्या बोटाला खरखरीत लागली. एकदा, आणि थोड्यानं पुन्हा. पाय झटकायचा थांबला.

"गिळतोय," मी म्हणाले. "अव्वा, याला तिकडं नेते मी. चाचींकडं."

"सांगितलं ना हलवू नगं."

"दूध पीत नाही तो. भाकरी तर..."

"मला ठावं हाय काय खातो त्ये." अव्वा न्हाणीघराच्या उंबऱ्यावर बसल्या होत्या. बाळी त्यांच्या गळ्यातल्या लिंगाच्या करडग्याशी, त्या चांदीच्या डबीशी खेळत होती. त्यांनी ती तिच्या मुठीतून हळूच सोडवली आणि पदराआड घेतली. "दुकानात मी पडले व्हते तवा मला रिक्षात घातलं. कान बंद, जीभ जड. हलवलं की वाटायचं आता आतलं सगळं सांडतंय. बोलता येत न्हवतं, न्हायतर शिव्या दिल्या असत्या." मग परसाच्या दिशेनं मोठ्यानं म्हणाल्या, "नसीम, घेऊन ये तुझं त्ये काय असंल ते. दारातनं ये. या वयात भिंतीवरनं चढू नगं."

चाची आल्या, पण उंबऱ्याशी थांबल्या. वाटी पदराखाली झाकलेली.

"ये की," अव्वा म्हणाल्या. "का आता त्यालाच दाराशी बोलवतीस?"

कलेजी वाफवून बारीक केलेली होती. तो वास मी आमच्या घरात पहिल्यांदा घेतला. चाचींनी बोटावर घास धरला. शेटनं नाक हलवलं. मग त्यानं तोंड उघडलं, घास आत घेतला आणि अर्धा बाहेर टाकला. चाचींनी तोच उचलून पुन्हा दिला. "खा ले राजा."

तो घास त्यानं गिळला, तेव्हा अव्वा उठून आत गेल्या. त्यांनी पाणी तापत ठेवल्याचा आवाज आला. अंघोळीसाठी असणार. न्हाणीघरात तर आम्ही होतो, म्हणून त्या तशाच स्वयंपाकघरात बसून राहिल्या.

दिवसभर तासातासाला वाटी दारातून आली. मशीनवर आकडा दिसायला लागला, मग एकदा खाली घसरला, आणि मी पुन्हा डबा उघडला. दुपारी बाळीला पाजताना मी एक पाय शेटच्या पाठीला लावून बसले होते, श्वास चालू आहे ना कळावं म्हणून. सूर्य मावळायच्या आत तो स्वतःच्या पायांनी बादलीपर्यंत गेला, वाकडा-तिकडा, आणि भिंतीला टेकून उभा राहिला.

मॅडमनी सुई थांबवायला सांगितली. आज तिसऱ्या दिवशी पुन्हा सुरू करायची आहे, आधीपेक्षा कमी.

वाटी आता भिंतीवर नसते. सकाळी चाची ती मागच्या पडवीत आणून देतात, उंबऱ्याच्या आत, आणि शेट माझ्यासमोर खातो. अव्वा तिथंच असतात, खुर्ची भिंतीकडं वळवून, खाण्याकडं पाठ करून. मांडीवर बाळी. तरन्नुम मात्र अजून आलेली नाही.

सिरिंज भरलेली आहे. टोपण पुन्हा लावून ठेवलंय. वाटीचा तळ दिसायची मी वाट बघतेय.

"संपलं का त्याचं?" भिंतीकडं तोंड करूनच अव्वा विचारतात.

"थोडं राहिलंय."

"मग थांब."