गुरुवारची पिशवी

माझ्या नवऱ्याच्या डोक्यात एकदा खूळ शिरलं की शिरलं. आदिनाथ चाकणला कंपनीत प्रोसेस इंजिनिअर. घरी बीअर करायची म्हणून त्याने आधी तीन पातेली, नळ्या, पंप असा कारखानाच मांडला होता. मला भाजी फोडणीला टाकायला शेगडी मोकळी मिळेना. भांडून भांडून घसा बसला माझा. मग एक दिवस हा नाचत आला, "हर्षाली, हे सगळं लागतच नाही! एक पातेलं, एक पिशवी, बस्स!"

पिशवी अर्थात मीच शिवली, जुन्या जाळीच्या पडद्याची. मोड आणून वाळवलेले सातू भरडून पिशवीत भरायचे, पिशवी गरम पाण्यात सोडायची, तासभर झाकायची, मग उचलून पिळायची. ते गोड पाणी उकळायचं, गार करायचं आणि यीस्ट घालून ड्रममध्ये ठेवून द्यायचं. पसारा गेला म्हणून मी खूश. कसली खूश! सोपं झालं तसं हे दर गुरुवारी व्हायला लागलं, कारण गुरुवारी कंपनीला सुट्टी.

त्या गुरुवारी दुपारी पिशवी नुकतीच पाण्यात सोडली होती. ऊब टिकावी म्हणून आदिनाथने पातेल्याला गोधडी गुंडाळली. तेवढ्यात वॉचमनचा फोन आला, "मॅडम, तुमचे सासरे आलेत. बॅग आहे सोबत."

आबा गावी एकटे राहायचे. दारूपायी त्यांनी नोकरी घालवली, तब्येत घालवली, सासूबाईंना शेवटपर्यंत रडवलं. त्या गेल्यावर मात्र सोडली. दिवाळीपासून थेंब घेतला नव्हता. आणि इकडे आमच्या बाल्कनीत मागच्या गुरुवारचा ड्रम भरलेला!

"ओत आधी ते," मी म्हणाले.

"आता कुठे ओतू? झाकून ठेवू गं. चहा घेऊन जातील ते."

आबा आले. बसा म्हटलं तर बसेनात. दारापासून खिडकीपर्यंत नुसत्या येरझाऱ्या. मध्येच नाक वर करून म्हणाले, "खीर केलीस व्हय गं, गव्हाची?"

"हो आबा." खोटं बोलताना जीभ कशी वळली देव जाणे.

"आदिनाथ, म्या हितंच राहायला आलोय बाबा," ते म्हणाले. "लोकांनी जमिनी इकल्यापासनं गावात रोज कुणाची तरी पार्टी. दिवस कलला की दारात हाका मारत्यात, चल बाळाजी. किती येळा न्हाई म्हणू? म्हणलं, पोराच्या घरात असलं काय न्हाई. तिथं निभंल आपलं."

आदिनाथचा चेहरा पांढराफटक पडला. तो उठला आणि बाल्कनीत गेला. तो काय करतोय हे मला कळेपर्यंत त्याने अख्खा ड्रम तिथल्या मोरीत पालथा केला होता. अरे, एवढी बीअर एकदम ओतल्यावर काय होणार? मिनिटभरात घरभर घमघमाट सुटला. मी धावत जाऊन फिनेल ओतलं, पंखे लावले. काही उपयोग नाही.

आबांच्या येरझाऱ्या थांबल्या. आदिनाथ ओल्या पायांनी आत आला. "आबा, सगळी टाकली मी. परत नाही करणार. आईची शपथ." आबांचं त्याच्याकडे लक्षच नव्हतं. ते पालथ्या हाताने पुन्हा पुन्हा तोंड पुसत होते.

"हर्षाली," ते म्हणाले, "दाराला आतनं कुलूप घाल. चावी तुझ्याजवळ ठेव. आज म्या कायबी म्हणलं तरी देऊ नको."

आमच्या पुनावळ्यात खाली उतरून कोपरा ओलांडला की वाइन शॉप आहे. येताना त्यांनी ते पाहिलं असणार. मी कुलूप घातलं. नवऱ्याचा असा संताप आला होता की त्याच्याकडे बघवत नव्हतं.

आबा पुन्हा चालायला लागले. थोड्या वेळाने अगदी साधेपणाने म्हणाले, "जरा खाली जाऊन येतो. चहापत्ती आणतो."

"चहापत्ती आहे, आबा."

"मग साखर."

"साखर पण आहे."

"दूध तरी लागंल की!"

"दूध सकाळीच आलंय."

ते माझ्याकडे बघत राहिले. घाम फुटला होता त्यांना. मग एकदम ओरडले, "चावी आण इकडं! सासऱ्याला कोंडतीस व्हय?" लग्न झाल्यापासून माझ्यावर आवाज चढवला नव्हता त्यांनी. मला रडू फुटलं, पण चावी मी मुठीत घट्ट धरली.

ते दाराकडे वळले तर तिथे आदिनाथ पाठ लावून उभा.

"सर बाजूला! बाप हाय म्या तुझा!"

"म्हणून तर नाही सरत."

आबांनी हात उगारला. आदिनाथ हलला नाही, त्याने फक्त डोळे मिटून घेतले. तो हात तसाच वर राहिला आणि मग पोराच्या खांद्यावर येऊन पडला. आबांनी त्याचा शर्ट मुठीत आवळला. "धरून ठेव रं मला," ते म्हणाले. "न्हाईतर जाईन म्या."