पुसायची राहिलेली रेघ

मी एक रेघ बोलतेय. कागदावरची नव्हे, कॉम्प्युटरच्या पडद्यावरची. माझ्या एका टोकाला मावशीचा ठिपका आहे, दुसऱ्या टोकाला तिच्या मैत्रिणीचा, जिला सगळ्या 'बडबडी'च म्हणत.

मला जन्म दिला मावशीच्या भाचीने. मावशी जुन्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. तिथल्या बायकांचा मेळावा ठरला, तेव्हा भाचीने प्रत्येकीचा एक ठिपका काढला आणि ज्या शेजारी-शेजारी बसत, त्यांच्यात एकेक रेघ ओढली. झाला नुसता गुंता! मग तिने युक्ती केली. माउसचा बाण एखाद्या ठिपक्यावर नेला की त्याला जोडलेल्या रेघा केशरी उजळायच्या, बाकीच्या फिक्या पडायच्या; एखाद्या रेघेवर नेला की ती एकटीच उजळायची.

काय दिवस होते ते! मेळाव्याच्या तयारीला बायका घरी यायच्या, आपापला ठिपका शोधायच्या आणि उजळलेल्या रेघांवर बोट ठेवून एकमेकींच्या जुन्या खोड्या काढत बसायच्या. मीही मिरवून घेतलं.

फक्त मावशीच्या डोळ्यांत मी खुपायचे. बडबडी तिची जिवाभावाची मैत्रीण. पण सुपरवायझरची खुर्ची मावशीला मिळाली आणि बडबडीने अबोला धरला. मावशी तरी कशाला माघार घेतेय? नोकरी संपली, अबोला काही संपला नाही.

"ही रेघ काढून टाक," एका दुपारी मावशी म्हणाली.

भाचीही काही कमी नाही. तिने माउसच मावशीच्या हातात दिला. बाण रेघेवर न्यायचा आणि बटण दाबायचं, तूच पूस म्हणाली. माझा जीव टांगणीला लागला. बाण आला तशी मी उजळले. उजळणं माझ्या हातात थोडंच आहे?

मावशीचं बोट थबकलं; उजळलेली मी तिला चालू लाइनच वाटले. बोलणं चालू असताना लाइन तोडायची नाही, हे एक्स्चेंजमध्ये तिच्या अंगात भिनलेलं.

"थांब," ती हळूच म्हणाली, "हिच्यावर कुणीतरी बोलतंय."

भाचीला हसू फुटलं. मावशीलाही फुटलं, आणि पाठोपाठ तिचे डोळे भरून आले. माउस बाजूला सारून तिने फोन उचलला. बडबडीचा नंबर तिला अजून तोंडपाठ होता.

"मी बोलतेय," एवढंच ती म्हणाली. पुढे बराच वेळ पलीकडचीच बोलत होती.

आता दोघी रोज बोलतात. मेळावा केव्हाच पार पडला, भाची दुसऱ्या कामात गुंतली, आणि मला कुणी उघडून बघत नाही. बायकांच्या त्या गलक्याची आठवण येते, वाईट वाटतं, खोटं कशाला बोलू? तरी पुसलं जाण्यापेक्षा हे बरं.

तुमच्याकडे एकच मागणं आहे. तुमच्याही ठिपक्याला अशा रेघा असतील. एखादी पुसायला हात गेलाच, तर आधी एक फोन लावून बघा.