बहिणीच्या दारावरून

"आगं, बस की जरा! पायाला भिंगरी लागलीय काय तुज्या?" सासूबाई, येसूबाई, ओट्यावरून ओरडल्या.

संजना कसली बसते! सकाळपासून घर ते रस्ता आणि रस्ता ते घर असं तिचं चाललं होतं. हातात तांब्या, आणि त्यातलं पाणीही उगाच बदलून झालेलं. कडाव गाव सोडलं की चढ लागतो, त्या चढाच्या पायथ्याशीच तिचं सासर. आज तिचा धाकटा भाऊ ओमकार याच रस्त्यानं सायकलवरून जाणार होता. गरिबांच्या डायलिसिससाठी पैसा उभा करायला चार दिवसांची सायकलफेरी निघाली होती, खालापुरातून निघून डोंगर चढत-उतरत परत खालापूर. बाकीचे हौसेनं निघाले होते. ओमकारच्या पोटात मात्र संजनाची किडनी होती.

डॉक्टरांनी 'जाऊ दे' म्हटलं होतं. डॉक्टरांचं काय जातंय, असं संजनाला वाटायचं. दिलेल्या वस्तूवर हक्क सांगू नये हे तिलाही कळत होतं. पण कूस बदलताना टाक्यांचा वण हाताला लागला की तिला आधी भावाचंच पोट आठवायचं. म्हणून तिनं परस्पर एक उद्योग करून ठेवला होता. सायकलवाल्यांच्या मागे दमल्याभागल्यांना उचलायला जो टेंपो फिरत होता, त्याचा ड्रायव्हर नवनाथ गावातलाच. "माज्या दारात त्याला थांबवते मी. तू गुपचूप सायकल टेंपोत टाक," असं तिनं त्याला फोनवर बजावलं होतं. एकदा टेंपोत बसला की माणूस फेरीतून बाद. बहिणीच्या दारावरून भाऊ पाणी प्यायल्याशिवाय पुढे जात नाही, तेव्हा ओमकार थांबणारच, अशी तिची खात्री.

रंगीबेरंगी टोप्यांचे घोळके गेले. मागून एकेकटे गेले. ओमकार काही दिसेना, तसा तिचा जीव टांगणीला लागला.

आला तो सगळ्यांच्या शेवटी. तोंड लालबुंद, सायकल गोगलगायीच्या चालीनं, आणि पाठीशी नवनाथचा टेंपो. संजना तांब्या घेऊन रस्त्यात आडवी झाली.

"उतर. पानी पी."

"बाजूला हो, ताई. थांबलो तर परत चढनार नाय."

"मंग नको चढूस! काय अडलंय? तुला काय झालं म्हंजे?"

त्यानं तिला वळसा घातला. थांबत नाही तर निदान ढकलू तरी, म्हणून ती मागे धावली आणि सीटला हात घालणार, तोच तो ओरडला, "हात लावू नको!" मग चार पायडलं मारून हळूच म्हणाला, "आता तुज्याकडनं आनखी काय घेनार नाय गं मी."

तिचा हात तसाच राहिला. संताप आला तिला, आणि रडूही कोसळलं. आजारपणानंतर पोरानं एवढा मोठा आवाज पहिल्यांदाच काढला होता.

टेंपो शेजारी येऊन थांबला. नवनाथनं दार उघडलं. "वैनी, कसं करू? वरच्या वळनावर गाठतो त्याला. तुमी पन बसा."

वर ओमकार सीटवरून उठून पायडल मारत होता. त्यानं एकदाही मागे पाहिलं नाही.

"नको," संजना म्हणाली. "नुसता मागनं जा. त्यानं हाक मारली तरच थांब."

"आनि पडला तर?"

"पडला तर उठंल."

तिनं दार ढकललं. ते नीट लागलं नाही. मग तिनं ते पुन्हा उघडून जोरात लावलं.