काचेवरचा बोध

मित्रांनो, मी एक जुना टेलिप्रॉम्प्टर आहे. नाव भारदस्त असलं तरी काम साधं. कॅमेऱ्यापुढे माझी तिरपी काच असते आणि तिच्यावर मजकूर सरकत राहतो. समोरचा माणूस तो वाचतो आणि घरी बघणाऱ्यांना वाटतं, हा अगदी मनातलं बोलतोय.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. तिथे काच नीट घासून, पुसून मला पेटीत भरलं. पहिली नोकरी बातम्यांत लागली. दोन वर्षांनी मला गुन्ह्यांच्या मालिकेत धाडलं आणि मग अकरा वर्षं मी तिथेच काढली.

मालिकेचा शिरस्ता ठरलेला होता. खऱ्या घटनेवरून रचलेली गोष्ट, गुन्हेगाराला बेड्या आणि शेवटी निवेदकाचा बोध. बोध लिहिणारी आणि मजकूर सरकवायची माझी चकती फिरवणारी एकच ताई होती. तिच्याकडे सतरा बोध तयार असत. प्रसंग बघून त्यातला एक निवडायचा, ‘मुलाने’चं ‘मुलीने’ करायचं, की झालं काम. पहिल्या भागाला मी हादरलो होतो. पन्नासाव्या भागापर्यंत मला काही वाटेनासं झालं. खून, चोरी, फसवणूक, माझ्या काचेला सगळं सारखंच.

कौतुकही झालं, खोटं कशाला बोलू? एका शाळकरी मुलीचं पत्र आलं होतं. आमचा बोध आठवून ती एका माणसाबरोबर लिफ्टमध्ये शिरली नाही आणि वाचली. निर्मात्याने ते पत्र भिंतीला चिकटवलं. बोध हवाच की नको, असा वाद निघाला की तो त्या पत्राकडे बोट दाखवायचा.

एका सकाळी एक शिंपीकाका स्टुडिओत आले. त्या दिवशीचा भाग त्यांच्या मुलीवर होता. भर दुपारी दार वाजलं, तिने उघडलं आणि बाहेरच्या माणसाने तिचा जीव घेतला. परवानगीच्या कागदावर काकांनी सही केली आणि निघता निघता त्यांची नजर माझ्यावर पडली. ते ओठ हलवत वाचू लागले. ‘अनोळखी माणसाला दार उघडण्याचा निष्काळजीपणा तिच्या जिवावर बेतला. तुम्ही ही चूक करू नका.’

“एवढं काढता येईल का हो?” त्यांनी विचारलं. “तिने काय चूक केली? दार वाजलं, तिने उघडलं. सगळेच उघडतात.”

“काका, बोध काढला तर उरतं काय?” निर्माता म्हणाला. “नुसता खून. लोक म्हणतील, पोराबाळांसमोर हे कशाला दाखवता?”

“मग तुम्हाला कुणी नावं ठेवू नयेत म्हणून माझ्या लेकीला नावं ठेवायची?”

निर्माता हात झटकून म्हणाला, “ताई, बघ तूच काय ते,” आणि आतल्या खोलीत निघून गेला.

ताईने पूर्ण मजकूर पुसला. मग तिने एकच ओळ लिहिली. ‘ती पंचवीस वर्षांची होती.’ काकांनी ती दोनदा वाचली आणि मान हलवली.

निवेदक मेकअप करून आला. दिवे लागले. त्याने गंभीर चेहऱ्याने ती ओळ वाचली. पुढे काच कोरी होती. मित्रांनो, अकरा वर्षांत त्याने माझी काच कधी कोरी पाहिली नव्हती. तो क्षणभर अडखळला आणि त्याच्या जिभेने सवयीचं काम केलं. “अनोळखी माणसाला दार उघडण्याचा निष्काळजीपणा तिच्या जिवावर बेतला. तुम्ही ही चूक करू नका. नमस्कार.”

“झकास!” आतून निर्मात्याचा आवाज आला. “पुढचा भाग घ्या.”

“पुन्हा घेऊ या ना,” ताई म्हणाली.

“कशाला? एकदम मनापासून आलंय.”

निवेदकाच्या तेव्हा कुठे लक्षात आलं. तो काकांजवळ जाऊन म्हणाला, “माफ करा हो. सवयीने तोंडातून गेलं.”

“नाही, बरोबर आहे तुमचं,” काका म्हणाले. “दाराला साखळी लावायची राहूनच गेली. लेक मागे लागायची आणि मी रोज म्हणायचो, उद्या लावतो.”

ते गेले. मला वाईट वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही. ताईने चकती फिरवली आणि पुढच्या भागाचा मजकूर माझ्यावरून सरकू लागला. काकांचा तो भाग तसाच दाखवला गेला.

आता माझ्या जागी नवा आला आहे. मी सामानाच्या खोलीत एका फाटक्या चादरीखाली पडून असतो. काचेवर बोटभर धूळ आहे. पुसायला कुणी येत नाही आणि त्याचंही मला फारसं काही वाटत नाही.

वाटतं ते एकाच गोष्टीचं, आणि तेही फार उशिरा वाटू लागलं. मित्रांनो, कुणी आपलं दुःख घेऊन तुमच्या दारी आलं, तर शहाणपण जरा बाजूला ठेवा. त्या माणसाला आधी बसायला खुर्ची द्या. त्या दिवशी स्टुडिओत आठ खुर्च्या होत्या. काका सकाळपासून उभेच होते.