भिंतीकडची बाजू

मित्रांनो, मी एक जुनी रेसची गाडी आहे, असं मी गेली चाळीस वर्षं ऐकत आले आहे. खरं काय ते आज सांगते. पण मला बनवणारा काळुराम पक्का थापाड्या होता आणि त्याची थोडी सवय मलाही लागली आहे, तेव्हा ऐकताना रुपयातले चार आणे वजा करा.

डोंबिवलीच्या खाडीकडच्या एका गावात, मिठागराच्या शेडमध्ये माझा जन्म झाला. काळुराम दिवसभर कारखान्यात फिटर आणि संध्याकाळी माझा बाप. त्याच्याजवळ मासिकातून कापलेला एका विलायती रेसगाडीचा फोटो होता. लांबलचक नाक, तारांची चाकं, आणि दार मुळीच नाही. टांग टाकून आत बसायचं. काळुरामनं जीपचा सांगाडा घेतला, टॅक्सीचं इंजिन बसवलं. लग्नाच्या जेवणाचे टोप बनवणाऱ्या साईनाथनं माझा पत्रा ठोकला. बॉनेटवरचा पट्टा शर्यतीच्या बैलाच्या गळ्यातला. फोटोत मात्र गाडीची एकच बाजू होती, उजवी. डावी कशी होती ते काळुरामला कोण सांगणार?

डावीकडे त्यानं दार केलं. त्याची बायको आवडाबाई मिठागरात पडली होती, तेव्हापासून तिचा गुडघा अधू. तिला टांग टाकता येत नव्हती.

पहिल्याच रविवारी दोघं खडवलीला नदीवर जाऊन आले. काय ऐट होती माझी! वाटेतल्या म्हशीसुद्धा उठून बाजूला झाल्या. पण परतताना नाक्यावर कुणीतरी हसलं, "काय रे दादूस, रेसच्या गारीला दार?"

काळुराम ओशाळला आणि बोलून गेला, "मी कशाला करतंय? चांगली गारी केलेली. हिच्या पायापायी कापाय लागली."

आवडाबाई शेजारीच बसली होती. त्यानंतर ती माझ्यात कधी बसली नाही, आणि काळुरामनं माझी डावी बाजू भिंतीला लावून टाकली.

उजवी बाजू लोकांना दाखवून त्यानं थापा मारल्या. एकाला सांगितलं, ही इटलीत पहिली आली. दुसऱ्याला सांगितलं, बोट बुडाली आणि ही कोळंबीच्या जाळ्यात सापडली. हळदीच्या दिवशी नवरदेव माझ्यात बसून फोटो काढायचे. मग काळुराम गेला. बारा वर्षं घुशी, सिमेंटची पोती, बसलेले टायर. मी दमले, मित्रांनो. गंजानं नाही, नाक्यावरच्या त्या एका थापेनं दमले. मला कुणी कधी कापलं नव्हतं, आणि ते सांगायला माझा हॉर्नसुद्धा उरला नव्हता.

आता शेडच्या जागी टॉवर होणार. नातू मयूरनं माझ्यासाठी विलायती गाड्यांचा एक शौकीन गाठला. गाडी अस्सल असेल तर तो नेणार, नाहीतर शनिवारी भंगारवाल्याचा टेम्पो. शौकिनानं ठाण्याहून संचिता नावाची, जुन्या गाड्या ओळखणारी बाई पाठवली.

तिनं टॉर्च मारला, पत्र्यावर टिचक्या मारल्या. "नाक झकास जमलंय. पण हे टोप ठोकल्याचे घाव आहेत. सांगाडा जीपचा."

"मॅडम, आजोबा बोललेले इटलीची आहे."

"आणि हा बैलाचा पट्टा इटलीचा का रे? पुढे ओढ, ती बाजू बघू."

मयूरनं दोन गडी बोलावून मला ओढलं. दार दिसलं तसा त्यानं कपाळाला हात लावला.

आवडाबाई काठी टेकत आली होती. "ते माज्यापायी कापलंन," ती म्हणाली. "चांगल्या गारीचा इस्कोट झाला."

संचिता वाकली. आत आरसा धरून बराच वेळ पाहत राहिली. "कापलेलं नाही, आजी. कापलं असतं तर आतले दांडे तुटलेले दिसले असते. हे दांडे आधीच दाराच्या मापानं वाकवलेत. पायरीसुद्धा सांगाड्यालाच जोडलीय. पत्रा त्यानंतर चढलाय."

"म्हंजे कसं?"

"म्हणजे आधी दार झालं. मग त्याच्याभोवती गाडी."

आवडाबाईनं दारावरून हात फिरवला. "थापाड्या," ती म्हणाली. "जल्मात येकच गोष्ट खरी केलंन, तीच सांगली नाय."

तिनं दार उघडलं. बिजागरी करकरली, तेवढाच माझा आवाज. अधू पाय आधी पायरीवर, मग आत. बसली.

"आजी, शनिवारी टेम्पो येतोय," मयूर हळूच म्हणाला.

"त्याला सांग, नको येव. टावरवाला पार्किंग देनार ना? तिथं ऱ्हाईल ही. आनि दाराची बाजू लोकांकरं कर."

संचितानं कागदावर विलायती कंपनीचं नाव लिहिलेलं होतं, ते खोडलं. ओळखीच्या रकान्यात लिहिलं: आवडाबाईंची गाडी.

मित्रांनो, माझं मागणं लहान आहे. जुनी वस्तू भंगारात देण्याआधी तिला भिंतीपासून हातभर पुढे ओढा आणि पलीकडून वाकून बघा. आणि हो, ते चार आणे म्हशींच्या गोष्टीतून वजा करा. दाराच्या गोष्टीतून नको.